स्विच धुण्याची खोली

माझ्या वडिलांनी आयुष्यात साधा अर्जसुद्धा टाइप केला नसेल. पण कीबोर्डचं एखादं बटण दाबलं, की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, आतलं पातं वाकलंय, स्प्रिंग गंजलीय की फक्त धूळ बसलीय. त्यांचं नाव बुद्धघोष. घरात आणि गावात सगळे अप्पा म्हणतात. एका साखर कारखान्यात तेहतीस वर्षं ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. मीटर, रिले, गेज, असलं सगळं नाजूक काम त्यांच्याकडं. रिटायर होऊन आमच्या गावी, कळसला घरी बसले आणि दोन महिन्यांत आईला नकोसे झाले. घरातले पंखे उघडून झाले, शेजाऱ्यांचे मिक्सर झाले. मग नुसतेच ओट्यावर बसून, रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगत राहायचे.

मी साक्षी, त्यांची एकुलती एक मुलगी. बारामतीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते, तिथंच खोली घेऊन राहते, रविवारी कळसला येते. आमच्या ओळखीच्या दीपकसरांचा बारामतीत कॉम्प्युटर क्लास होता. तो बंद झाला तेव्हा माळ्यावर अडतीस जुने कीबोर्ड निघाले. नव्वद सालच्या आसपासचे, पिवळट पडलेले, एकेक उचलताना दोन्ही हात लागायचे. हल्लीच्या कीबोर्डात बटणांखाली रबराची एक चादर असते. यांच्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच होता. भंगारात घालण्याआधी सरांनी मला विचारलं. मी एक उचलला आणि अप्पांपुढं नेऊन ठेवला.

त्यांनी एक बटण दाबलं. खट् असा कोरडा आवाज आला. शेजारचं दाबलं, तर ते खाली जाऊन तसंच बसलं. अप्पांनी चष्मा पुसला.

"ज्यानं बनवलंय त्याला कामाची चाड हुती," ते म्हणाले.

त्या दिवशी आईनं तीनदा हाक मारली तरी ते जेवायला उठले नाहीत. तारेचा आकडा करून त्यांनी बटणांच्या टोप्या काढल्या, खालच्या पट्टीवरचं कथील वितळवून एकेक स्विच सोडवला. स्विच म्हणजे नखाएवढी प्लास्टिकची डबी. आत एक स्प्रिंग आणि तांब्याचं पातळ पातं. बटण दाबलं की पातं समोरच्या टोकाला टेकतं आणि अक्षर उमटतं. तीस वर्षांत त्या पात्यावर तेलकट काजळी चढते, मग अक्षर उमटत नाही, किंवा एकाच्या जागी दोन उमटतात. एका कीबोर्डात असे एकशे एक स्विच. अप्पांनी एकशे एक डब्या उघडल्या, पुसल्या आणि परत बसवल्या. त्याला सोळा दिवस लागले. तेवढे दिवस आईला घरात नवरा असल्यासारखं वाटलंच नाही, आणि ती खुश होती.

मग उरलेले सदतीस घरी आले. असल्या जुन्या कीबोर्डांची हौस असलेली माणसं पुण्यात, बंगळुरात, कुठं कुठं असतात, हे मला इंटरनेटवर कळलं. मी फोटो टाकायला लागले, मागण्या यायला लागल्या. अप्पांनी काम केलेला कीबोर्ड कुणीतरी तिकडं टेबलावर ठेवून वापरतंय, याचंच त्यांना फार वाटायचं.

अडचण आली ती दिवाळीच्या आधी. बंगळुरातून एक कीबोर्ड परत आला. पंधरा दिवसांत त्याची निम्मी बटणं मुकी झाली होती. अप्पांनी डब्या उघडून पाहिल्या. पुसताना त्यांनी बाजारात मिळणारा स्प्रे मारला होता, त्याचाच चिकट थर पात्यावर बसून त्यात धूळ अडकली होती. स्पिरिटनं तो थर निघेना. अप्पा दोन दिवस त्या डब्यांपुढंच बसून होते. तेहतीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगवीला रामहरीतात्यांना फोन लावला.

रामहरीतात्या त्याच कारखान्यात स्टोअरला होते. अप्पा नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच लांब बसले होते, तेव्हा तात्यांनी आपला डबा उचलून त्यांच्याजवळ आणला आणि उघडून मध्ये ठेवला. त्या काळी तसं करणारे ते एकटेच, असं अप्पा अजून सांगतात. तेव्हापासूनची दोस्ती. आमच्या दारात येऊन तात्या "जय भीम, घोष" म्हणायचे, आणि अप्पा आतून "राम राम" म्हणायचे.

कारखान्यात रिलेची टोकं धुवायला पूर्वी एक पातळ औषध मिळायचं. सगळे त्याला सीटीसी म्हणायचे. तेलाचा अंशही उरायचा नाही, आणि फुंकर मारायच्या आत वाळून जायचं. पुढं ते यायचं बंद झालं. का बंद झालं ते अप्पांनी कधी विचारलं नव्हतं. स्टोअरला मागणी केली की नवीनच काहीतरी यायला लागलं, एवढंच त्यांना आठवत होतं. स्टोअरची जुनी अडगळ काढून टाकली तेव्हा त्यातला डबा तात्यांनी घरी नेला होता. तो त्यांनी मोटारसायकलला बांधून कळसला आणला. निळ्या पत्र्याचा, पाच लिटरचा. लेबल गंजानं खाल्लेलं. त्यावरची तीन अक्षरं आणि खालचा अर्धा लाल चौकोन एवढंच शिल्लक होतं.

अप्पांनी स्टीलच्या वाटीत थोडं ओतलं, चिमट्यानं एक पातं बुडवलं, ब्रश फिरवला आणि उचललं. पातं नव्या पैशासारखं लखलखलं. दोघं म्हातारे एकमेकांकडं बघून हसले, असं आई सांगते.

तेव्हापासून तात्या आठवड्यातून दोनदा कळसला यायला लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी दहाला यायचे, संध्याकाळी पाचला निघायचे. मागच्या अंगाला आमची एक लहान खोली आहे, पूर्वी तिच्यात धान्याची पोती असायची. तिथं टेबल टाकलं. तात्या पाती धुवायचे, अप्पा डब्या जुळवायचे. हंगाम सुरू झाला होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी वाजवत जायच्या आणि अप्पांना स्विचचा आवाज ऐकू यायचा नाही. शिवाय ऊस गेलेल्या रानातलं पाचट पेटवत होते, त्याची काळी राख उडत यायची आणि उघड्या डब्यांत पडायची. म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. फटीत चिंध्या कोंबल्या. दाराखाली गोणपाट सारलं. धुतलेली पाती लवकर वाळावीत म्हणून टेबलावर शंभरचा बल्ब लोंबता सोडला. वाटी त्याच बल्बखाली असायची.

मी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आले तेव्हा खोलीचं दार उघडताच गोडसर वास आला. जड, घशात उतरणारा. मला एकदम कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं क्लोरोफॉर्म आठवलं. मी विचारलं, कसला वास? अप्पा मान वर न करता म्हणाले, जुनं क्लीनर हाय कारखान्यातलं. डबा दाराआड पोत्याखाली होता. मी दोन पावलं टाकली असती तर ती तीन अक्षरं वाचली असती, आणि ती वाचून मला समजलंच असतं. माझं शिक्षणच त्यातलं आहे. पण अप्पांनी माझ्यापुढं कीबोर्ड सरकवला आणि म्हणाले, वाजवून बघ. मी वाजवून बघितला. एकशे एक बटणांचा एकसारखा आवाज. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी वासाचं विसरून गेले.

त्यानंतर जे होत गेलं ते सुटं सुटं कानावर आलं, आणि प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. अप्पांचं जेवण कमी झालं. आई म्हणाली, बसून बसून भूक मेलीय. दुपारी त्यांचं डोकं धरायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. ट्यूबलाइटमागची पाल एक दिवस टेबलाखाली उताणी पडलेली सापडली. थंडीनं गेली असेल. आई त्या खोलीत झाडायला गेली की तिला मळमळायचं. तिनं जाणं सोडून दिलं आणि दार लावून घेतलं, म्हणजे वास घरात यायला नको.

तात्यांचं निराळंच होतं. दुपारनंतर त्यांना उगाच हसू यायचं. जीभ जड व्हायची. एकदा निघताना मोटारसायकल सुरू करून ते तसेच बसून राहिले, कुठं जायचंय तेच सुचेना. अप्पांनी थट्टेनं विचारलं, "न पिताच चढली व्हय रं?" तात्या थोडं पिणारे होते. संध्याकाळी एक क्वार्टर, असा वर्षानुवर्षांचा नेम. त्यावरून त्यांच्या घरी फार भांडणं झालेली होती. दिवाळीत त्यांनी प्रयागकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कमी करतो म्हणून शब्द दिला होता. आणि खरोखरच कमी केली होती. चार दिवसांतून एकदा, तीही थोडी. अप्पांना ते अभिमानानं सांगायचे. काम हाताला लागलं की तिची आठवन येत न्हाय घोष, म्हणायचे.

पण सांगवीत त्यांच्या दारात मोटारसायकल थांबायची तेव्हा प्रयागकाकींना दिसायचं ते एवढंच, की माणूस झुलत उतरतोय, बोलताना अडखळतोय, जेवण नको म्हणतोय आणि अंगाला कसलातरी गोड वास येतोय.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी तात्या आले नाहीत. फोन लावला तर उलट्या होतायत म्हणाले. रविवारी त्यांचे डोळे पिवळे झाले. सोमवारी लघवी बंद झाली. त्यांच्या मुलानं, ऋषिराजनं, त्यांना बारामतीला दवाखान्यात दाखल केलं. लिव्हर गेलंय आणि किडन्याही काम करत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पितात का, असं विचारलं. प्रयागकाकी म्हणाल्या, रोज. तपासणाऱ्याला दुसरं काही विचारायचं कारण उरलं नाही.

बुधवारी मी अप्पांना घेऊन दवाखान्यात गेले. तात्या हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. त्यांची बोटं चादरीवर सारखी हलत होती, चिमट्यानं काहीतरी उचलून ठेवावं तशी. अप्पांनी तो हात धरला. तात्यांनी डोळे उघडले, पण ओळख दिली नाही. बाहेर बाकावर प्रयागकाकी बसल्या होत्या. अप्पा जवळ गेले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, "तुमच्याकडं बसून पीत हुतं ना ते? मला सांगायचं, सोडली म्हनून. मरतानाबी खोटंच."

अप्पा म्हणाले, न्हाय वहिनी, आमच्याकडं कधी न्हाय. त्यांनी ऐकलंच नाही.

शनिवारी सकाळी तात्या गेले.

मातीला अप्पा गेले, पण लांब उभे राहिले. दहाव्याला घाटावर ऋषिराजनं सगळ्या पाहुण्यांसमोर हात जोडून सांगितलं, माझा बाप दारूनं गेला, तुमच्यातल्या ज्यांना सोडायची असंल त्यांनी आज सोडा. दोघातिघांनी तिथं शपथ घेतली. अप्पा हे सगळं मला फोनवर सांगत होते आणि त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, तुम्हाला बरं नाही का? म्हणाले, पाय सुजलेत जरा.

मी रजा टाकून निघाले. दुपारी घरी पोचले तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. उन्हात त्यांचे डोळे दिसले, तात्यांसारखेच पिवळट. मी आत गेले, चप्पलसुद्धा न काढता, थेट मागच्या खोलीत. दार उघडलं. दहा-बारा दिवस बंद असलेली खोली. तोच वास. मी दाराआडचं पोतं ओढलं.

कार्बन टेट्राक्लोराइड. तीन अक्षरांतून मला पूर्ण नाव दिसलं, आणि त्याखालचा अर्धा लाल चौकोन विषाच्या खुणेचा होता. आमच्या लॅबमध्ये त्याची लहानशी बाटली कुलपात असते, ती उघडायची तर हवा ओढणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून. ते श्वासातून आत जातं आणि लिव्हर आणि किडन्या सडवतं. आणि ज्याच्या पोटात दारू जाते, मग ती थोडी का असेना, त्याला ते कितीतरी पटीनं बाधतं.

मी खिडकीच्या फटीतल्या चिंध्या उपसल्या. बल्ब काढला. बाहेर येऊन अप्पांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे रामहरी दारूनं न्हाय गेला."

मी म्हटलं, नुसत्या दारूनं नाही.

त्याच दिवशी त्यांना इंदापूरला दाखवलं. त्यांच्या लिव्हरला थोडी आणि किडन्यांना जास्त इजा झाली होती, पण ते पीत नव्हते म्हणून बचावले. मीठ बंद, पाणी मोजून, दर आठवड्याला रक्ताची तपासणी. घरी आल्यावर म्हणाले, सांगवीला जायला पाहिजे, प्रयागवहिनींना सांगायला पाहिजे.

आई भाकरी थापत होती. ती थांबली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं वेगवेगळ्या गावांत राहिलेली, आणि सहसा घाबरत नाही. तिनं हात धुतले आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.

"काय सांगणार?" ती म्हणाली. "तुमच्या माणसाला आमच्या घरात कोंडून विष हुंगवलं, असं? डबा त्यांचा होता, हे तुम्ही सांगाल. लोक काय सांगतील? कुणाच्या घरात काय झालं, एवढंच गावाला पुरतं. उद्या दारात पन्नास माणसं आली तर तुम्ही काय करणार आहात?"

आई चूक बोलत नव्हती. कोणत्या गावात काय काय झालंय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं; नावं घ्यायची गरज नव्हती. सात-आठ दिवस तसेच गेले. अप्पा खुर्ची रस्त्याकडं करून बसायचे. मोटारसायकल हळू झाली की आई खिडकीतून बघायची. सांगवीच्या बाजूनं कुणी भेटलं की तात्यांच्या दारूचाच विषय निघायचा आणि अप्पा खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

एका सकाळी ते अंघोळ करून आले ते ओल्या अंगानंच माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"साक्षी, त्याच्याकडं दोन डबे हुते," ते म्हणाले. "एक हितं आनला. दुसरा त्येच्या हिरीवर हाय, मोटरीच्या खोलीत. स्टार्टरची टोकं त्यानंच पुसायचा तो."

आईनं हे ऐकलं. ती एवढंच म्हणाली, मग जा. आणि तिनं स्वतः अप्पांचा शर्ट काढून दिला.

कळसहून सांगवीला जायला तासभर लागतो. ऋषिराजला फोन लावला तर लागेना. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. घरी प्रयागकाकी नव्हत्या. मळ्यात असतील, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. आम्ही बांधावरून चालत निघालो. अप्पांना दम लागत होता, पण ते माझ्या पुढं चालत होते. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाचटाची सळसळ सोडली तर आवाज नाही. विहिरीपासून चाळीस पावलांवर अप्पा थांबले. मलाही तो आला. गोडसर वास.

मोटरीची खोली म्हणजे पत्र्याची लहानशी शेड. दार लोटलेलं होतं. अप्पांनी ते ढकललं. आत ऋषिराज उकिडवा बसला होता, पुढ्यात उघडा स्टार्टर, हातात ओलं फडकं, बाजूला निळा डबा. दहावा होऊन जेमतेम नऊ-दहा दिवस झाले होते. मुंडण केलेल्या डोक्यावर केसांची खुंटं अजून नीट आली नव्हती. आम्हाला बघून तो उठायला गेला आणि भिंतीचा आधार घेतला. डोकं जड झालंय काका दोन दिवस, म्हणाला.

अप्पांनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर ओढला. खरंच ओढला, त्यांच्यात तेवढा जोर होता, हे मला माहीत नव्हतं. उन्हात, विहिरीच्या कठड्याजवळ त्याला उभा करून त्यांनी सांगितलं. घरातून निघताना वेगळं ठरलं होतं. आधी प्रयागकाकींजवळ बसायचं, हळूहळू सांगायचं, मी आधी बोलायचं. त्यातलं काही झालं नाही.

"ऋषी, ते इख हाय," अप्पा म्हणाले. "तुझा बाप त्यानं गेला. माझ्या खोलीत बसून गेला. मी खिडकी लावली हुती."

ऋषिराजच्या हातात पाना होता. तो त्याला आठवत होता की नाही, मला सांगता येणार नाही. त्याची बोटं त्याच्यावर आवळलेली मला दिसत होती. मी पुढं होऊन बोलायला लागले. काय औषध, कसं चढतं, दारू थोडी असली तरी काय होतं. आणि हेही सांगितलं, की डिसेंबरात मला त्या खोलीत वास आला होता, मी ओळखायला हवा होता, आणि ओळखला नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. अप्पांकडं बघत होता.

"मी घाटावर शंभर मानसांत म्हनालो, बाप दारूनं गेला," तो म्हणाला. "तुमी तितं उभं हुता."

"तवा मला म्हाईत न्हवतं."

"मग कवापासून म्हाईत हाय?"

अप्पांनी दिवस सांगितला. खोटं बोलता आलं असतं. ऋषिराजनं मनात हिशेब केला असावा, कारण त्याच्या गालावरची शीर उडायला लागली. एवढे दिवस आम्ही कडी लावून घरात बसलो होतो, आणि तेवढ्यात तो दोनदा या शेडमध्ये येऊन गेला होता.

उसातून प्रयागकाकी आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा होता. त्यांनी तो खाली टाकला आणि मुलाच्या हातातल्या पान्याकडं बघितलं. ऋषिराज म्हणाला, आता जे बोलला ते हिच्यासमोर बोला. अप्पांनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जमिनीवर बसून, कारण त्यांच्यानं उभं राहवत नव्हतं. मंगळवार, शुक्रवार. कोंडलेली खोली. तात्यांचं हसू, जड जीभ. दिवाळीनंतर चार दिवसांतून एकदा, तेही थोडं.

काकी उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ते खोटं बोलत न्हवतं."

"न्हाय वहिनी."

त्यांनी पदर तोंडाला लावला नाही की रडल्या नाहीत. वळून घराकडं चालायला लागल्या. वैरणीचा भारा तिथंच राहिला. त्या उसाआड गेल्यावर ऋषिराज म्हणाला, "तुमी आता जावा. मला काय करायचं ते मी करीन." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला त्याची भीती वाटली. मी डब्याचं विचारलं. डबा माझ्याकडं राहील, तो म्हणाला. मी त्याला हात जोडून सांगितलं, की तो उघडू नका आणि आजच दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. त्यानं मान हलवली. पुढं कळलं, की तो त्याच दुपारी गेला आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

कळसचा डबा आमच्या कंपनीचा घातक कचरा नेणारी गाडी घेऊन गेली. राहिलेले नऊ कीबोर्ड दीपकसरांना परत पाठवले. खोली उघडी ठेवून महिना झाला, तरी आई अजून तिच्यात काही ठेवत नाही.

आमच्या दारात पन्नास माणसं आली नाहीत. दोनदा एक पांढरी गाडी समोर येऊन थांबली, आतून कुणी उतरलं नाही, आणि गाडी निघून गेली. कोणाची होती ते कळलं नाही. गेल्या सोमवारी पोलिसांचा फोन आला. ऋषिराजनं अर्ज दिलाय, डबाही जमा केलाय. अप्पांना पुढच्या आठवड्यात जबाबाला बोलावलंय. वकिलांनी सांगितलं, मोजकं बोला. अप्पा म्हणाले, मी सांगवीत बोललो तेच बोलणार, दोन ठिकाणी दोन कसं बोलायचं. आई मध्ये पडली नाही. तिनं त्यांची औषधं एका पिशवीत वेगळी भरून ठेवलीत, किती दिवसांची ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आणि एक गोष्ट होते, ती ऋषिराजला माहीत आहे की नाही, कोण जाणे. दुपारी दोनच्या सुमारास प्रयागकाकींचा फोन येतो. बऱ्यावाईटाची चौकशी नाही, काही नाही. त्या एक दिवस सांगतात. दिवाळीनंतरचा दुसरा शुक्रवार, त्या दिशी किती वाजता निघाले? काय खाल्लं? येताना कुठं थांबनार म्हनाले हुते? कोणता कीबोर्ड कधी धुतला ते अप्पांनी वहीत लिहिलेलं आहे, ती वही समोर धरून ते एकेक सांगतात. पाचला निघाला, वहिनी. दोन भाकरी खाल्ल्या. थेट घरी जातो म्हनला. पलीकडं शांतता होते. त्या रात्री आपण तात्यांना काय बोललो, ते काकी आठवत असाव्यात. मग फोन बंद होतो.

रोज एक दिवस. डिसेंबर काल संपला. जानेवारीचे दिवस अजून विचारायचे राहिलेत.